तिलारी खोरं, काजू आणि बोंडू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडे पाहुण्यांची वर्दळ असते. मुंबई-पुण्याचे नातेवाईक, मुलांचे मित्र, गोव्याहून परतताना वाट वाकडी करून आलेली मंडळी. अंगणात टेकले की पहिला प्रश्न हटकून तोच: "एवढी फळं झाडाखाली सडतायत, यांचं काही करत नाही का तुम्ही?" ही फळं म्हणजे काजूचे बोंडू, बी काढून घेतल्यावर उरणारा रसाळ भाग. या प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांत मला आजवर देता आलेलं नाही. त्यासाठी नदी सांगावी लागते, जमीन सांगावी लागते, सीमा सांगावी लागते. म्हणून हे सगळं एकदा लिहूनच काढलं.

तिलारी खोरं म्हणजे नेमका कुठला भाग?

सिंधुदुर्ग जिल्ह्यातला दोडामार्ग तालुका, कोकणाचं महाराष्ट्रातलं दक्षिण टोक. पूर्वेला सह्याद्रीची भिंत. भिंतीच्या माथ्यावर कोल्हापूर जिल्ह्यातला चंदगड तालुका आणि त्याला लागून कर्नाटकातला बेळगाव. दुसऱ्या अंगाला गोवा. तिलारी नदी रामघाटाच्या परिसरातून खाली उतरते आणि कोनाळ, भेडशी, मणेरी अशी गावं मागे टाकत गोव्यात शिरते. आमच्याकडून समुद्र दिसत नाही, पण बाजारात मासळी रोज येते. कोकण म्हटलं की किनारा आणि माडाच्या रांगा डोळ्यांसमोर येतात. आमचं कोकण डोंगराच्या पायथ्याचं आहे, हे आधी सांगितलेलं बरं.

तिलारी आणि गोव्यातली शापोरा, या दोन वेगळ्या नद्या आहेत का?

नदी एकच. सीमा ओलांडली की तिला कोलवाळची नदी म्हणतात आणि पुढे ती शापोरा होते. मोरजी आणि शापोरा किल्ला यांच्या मधून ती समुद्राला मिळते. नदीचं नाव बदलतं तिथेच कायदाही बदलतो आणि बोंडवाचं नशीबही. पुढची बरीचशी उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

जमीन कशी आहे? काय काय पिकतं?

वर सडा म्हणजे जांभ्याचा कातळ, मधल्या उतारावर भरड म्हणजे खडकाळ कोरडवाहू जमीन, खाली नदी-ओहोळाच्या काठाने मळे. मळ्यात पावसाळी भात होतं, आणि जिथे पाणी टिकतं तिथे वायंगणी म्हणजे पावसाळ्यानंतरचं भातही. ओहोळाच्या कुशीत माड-पोफळीची बागायत, पोफळीवर चढवलेली मिरी, मधे केळ आणि जायफळ. भरडावर एकेकाळी नाचणी-वरी व्हायची, आता तिथे काजू आहे. रातांबा आणि फणस कोणी लावत नाही, ते असतातच. गेल्या काही दशकांत केरळहून आलेल्या शेतकऱ्यांनी रबर आणि अननस आणला. त्यांची मेहनत पाहून आमच्यातलेही काही जण रबराकडे वळले. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि तरीही एप्रिलमध्ये कित्येक विहिरी तळ गाठतात. जांभा पाणी पितो खरा, पण धरून ठेवत नाही.

नाशिकसारखी द्राक्षं आणि वाइनरी इथे का नाहीत?

हा प्रश्न हल्ली फार येतो. नाशिकला जाऊन द्राक्षबागा पाहिलेली माणसं इथल्या डोंगरउतारांकडे बघून म्हणतात, अशीच जागा हवी. जागा दिसते तशी, पण हवा तशी नाही.

द्राक्षाच्या वेलीला कोरडेपणा लागतो. महाराष्ट्रात वेलीची वर्षातून दोनदा छाटणी करतात, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. फळछाटणीनंतर फुटलेली कोवळी पालवी आणि घड कोरड्या थंडीत वाढले तर फळ जानेवारी ते मार्चमध्ये हाती येतं. आमच्याकडे ऑक्टोबरात परतीचा पाऊस कोसळत असतो, सकाळी नऊ-दहा वाजेपर्यंत पानांवर दव असतं. केवडा म्हणजे डाऊनी आणि त्यामागून भुरी, या बुरशीच्या रोगांना याहून चांगलं घर कुठलं मिळणार? फवारण्यांनीच माणूस थकेल. त्यात पावसाने धुतलेली आंबट माती. दिंडोरी-निफाडकडे पाऊस आमच्यापेक्षा खूपच कमी, पठाराची उंची असल्याने रात्री गार, म्हणून तिथे वाइनचा धंदा उभा राहिला. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं वेगळं धोरण आणलं, त्याने त्या धंद्याला बळ दिलं.

आमच्या उतारांवर निसर्गाने आणि इतिहासाने दुसरं फळ दिलं आहे. वाइनच्या नजरेने बघायचंच तर त्या फळाकडे बघा.

काजू इथलाच का?

नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो ब्राझीलहून गोव्यात आणला. नावही तिकडचंच: तिथल्या तुपी भाषेतलं 'अकाजू', त्याचं पोर्तुगीजांनी 'काजु' केलं आणि आपण ते जसंच्या तसं घेतलं. गोव्यातून तो डोंगर चढला, सीमा ओलांडून आमच्याकडे आला आणि असा रुजला की माझ्या आजीला तो परका आहे हे सांगूनही पटलं नसतं.

पिढ्यान्‌पिढ्या काजू आपोआप उगवायचा. लागवड अशी कोणी करत नसे. ते चित्र बदललं १९९० पासून, रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली तेव्हा. सरकार खड्ड्यापासून कलमापर्यंतचा खर्च देऊ लागलं आणि ओसाड भरडं हिरवी झाली. दुसरा मोठा हात वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राचा. हे केंद्र दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाखाली येतं. त्यांनी काढलेली वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ही कलमं आज घरोघरी आहेत. गावठी काजूची बी बोटाच्या पेराएवढी, तर वेंगुर्ला-७ ची एकेक बी दहा ग्रॅमच्या आसपास भरते. आमच्या वडिलांनी पहिली वेंगुर्ला-७ ची बी तळहातावर घेऊन शेजाऱ्याला दाखवली होती, ते मला अजून आठवतं. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

बोंडू हे फळ आहे का? आणि बी बाहेर का लटकते?

शास्त्राच्या भाषेत खरं फळ म्हणजे ती बी. आपण ज्याला बोंडू किंवा बोंड म्हणतो तो बीला धरून ठेवणारा देठ. बी पूर्ण भरली की हा देठ फुगतो, रसाळ होतो, पिवळा नाहीतर लाल होतो. वेंगुर्ला-४ चा बोंडू लाल, ७ चा पिवळा.

बीच्या टरफलात जहाल तेल असतं. ते लागलं की कातडी भाजते, काळी पडते आणि आठवड्याने सोलून निघते. हंगामात आमच्याकडच्या बायकांचे हात बघा, बोटांच्या टोकांवर काळे चट्टे असतात. बोंडवाचा रस मात्र गोड असतो आणि घशाला धरतो. ते त्यातल्या टॅनिनमुळे. "बोंडू खाऊन पाणी पिऊ नको रे, घसो धरतलो," असं आजी सांगायची आणि आम्ही नेमकं तेच करायचो. 'क' जीवनसत्त्व त्यात संत्र्याच्या कित्येक पट आहे.

बी काढल्यावर बोंडवाचं काय होतं?

आता मूळ प्रश्नाला येतो.

हंगाम फेब्रुवारी ते मे. काजू झाडावरून तोडायचा नसतो, पिकला की आपणहून पडतो. सकाळी उन्हं चढायच्या आधी टोपली घेऊन झाडाखाली जायचं. ओल्या पाचोळ्यात पडलेला बोंडू उचलायचा, डाव्या हाताने धरायचा, उजव्या हाताने बी पिरगळायची. 'टुक' असा बारीक आवाज होतो आणि बी सुटते. बी टोपलीत जाते आणि बोंडू बुंध्याशी. टोपली भरेपर्यंत बुंध्याशी ढीग होतो. नऊ वाजेपर्यंत त्यावर चिलटं आणि गांधीलमाश्या येतात, दुपारी आंबूस वास सुटतो, दुसऱ्या दिवशी ढीग काळा पडून बसतो. बोंडू चोवीस तासांपेक्षा जास्त टिकत नाही. साल इतकी पातळ की उचलताना बोट जरा जोरात लागलं तरी रस गळतो.

आता वजनाचा हिशेब करा. बोंडू बीच्या सहा ते आठ पट भरतो. म्हणजे एक क्विंटल बी विकणारा शेतकरी सहा-आठ क्विंटल फळ बागेत टाकून येतो. काही गुरांना जातं, थोडं खतात जातं. बाकीचं सडतं.

सीमेजवळच्या गावांत एक वाट आहे. गोव्यातून टेम्पो येतात, बोंडू भरतात आणि पलीकडे नेतात. आमच्या झाडाचा बोंडू, आमच्या बायकांनी वेचलेला, नदी ज्या वाटेने जाते त्याच वाटेने जातो आणि पलीकडे त्याची फेणी होते. भाव टेम्पोवाला सांगेल तो, कारण संध्याकाळपर्यंत थांबण्याची सोय फळानेच ठेवलेली नाही.

एका हंगामात एका प्रक्रिया करणाऱ्याने आमच्या वाडीतून बोंडू घ्यायचं कबूल केलं होतं. आम्ही पाच घरांनी मिळून पहाटेपासून क्रेट भरले, रस्त्याला आणून लावले, वर ओली गोणपाटं घातली. गाडी दुपारी येणार होती, ती आलीच नाही. फोन लागला नाही. संध्याकाळी क्रेटखालून रस वाहून रस्ता चिकट झाला होता. माझी काकी काही बोलली नाही, तिने फक्त क्रेट धुवून पालथे घातले. पुढच्या वर्षी कोणी विचारलं तर ती पुन्हा भरेल का, मला माहीत आहे: भरेल. वेचलेलं फळ फेकताना हात जड होतो, ते दुःख दर वर्षीचं आहे.

फेणी, हुर्राक, नीरो आणि वाइन, यांत फरक काय?

पद्धत गोव्यातली सांगतो, कारण ती तिथे शतकानुशतकं टिकली आहे. बोंडू कोळंबीत, म्हणजे दगडात कोरलेल्या किंवा सिमेंटच्या कुंडात, पायांनी तुडवतात. अलीकडे यंत्रंही आली आहेत. तुडवलेल्या चोथ्याचा ढीग करून त्यावर वजन ठेवलं की रात्रभरात जो निवळ रस ठिबकतो तो नीरो. तो ताजा प्यायचा, त्यात मद्य नसतं. तुडवताना निघालेला रस भांड्यांत दोन-तीन दिवस आंबवतात. झाडावरचं नैसर्गिक यीस्टच ते काम करतं. आंबलेला रस भाणात, म्हणजे भट्टीवरच्या भांड्यात, घालून उकळतात, वाफ थंड होऊन जे उतरतं त्याची पहिली धार म्हणजे हुर्राक, १५ टक्क्यांच्या आसपास मद्यार्काचा. तो त्या हंगामातच संपवायचा असतो. पुन्हा ऊर्ध्वपातन केलं की फेणी, ४० ते ४५ टक्क्यांची. २००९ मध्ये गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारशाचा दर्जा दिला.

वाइन म्हणजे फक्त आंबवलेला रस, त्याला भट्टी नाही. द्राक्षाची असो वा जांभळाची, वाइन उकळून वाफेवाटे काढत नाहीत.

मग बोंडवाची वाइन होऊ शकत नाही का?

होते. पण द्राक्षाइतकी सरळ होत नाही. वाइनसाठी पिकवलेल्या द्राक्षाच्या रसात साखर २२-२४ टक्क्यांपर्यंत असते. बोंडवाच्या रसात दहा-बारा टक्के. लिटरला साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का मद्यार्क तयार होतो. म्हणजे नुसता बोंडवाचा रस आंबवला तर सहा-सात टक्क्यांवर गाडी थांबते, आणि एवढ्या हलक्या पेयाला टिकवणं अवघड. म्हणून साखर घालावी लागते. दुसरी अडचण टॅनिनची, त्यासाठी रस आधी निवळून घ्यावा लागतो. तिसरी आणि सगळ्यात मोठी अडचण वेळेची. झाडाखालून टाकीपर्यंत फळ काही तासांत पोहोचलं पाहिजे. नाशिकचा शेतकरी द्राक्ष कोणत्या दिवशी तोडायचं ते ठरवू शकतो. काजू कधी पडायचं ते स्वतः ठरवतो.

माझं प्रामाणिक मत असं की खोऱ्याच्या मध्यावर, चार-पाच गावांना जवळ पडेल अशा ठिकाणी रस काढून थंड करण्याची सोय झाली तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. पुढे त्याचं सरबत करा, सिरप करा, व्हिनेगर करा, वाइन करा. आधी रस वाचला पाहिजे. सगळे जण मद्याच्या परवान्यापासून चर्चा सुरू करतात, मी शीतगृहापासून करीन.

घरी थोडी गाळली तर काय बिघडतं?

परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवाने राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे असतात. कृपया तसं काही करू नका आणि आमच्या गावात कोणाला विचारूही नका. बेकायदा भट्टीने इथली काही घरं बसलेली मी पाहिली आहेत. मी ज्या उद्योगाची आशा धरतो तो उजेडातला आहे. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने काजू बोंडं आणि मोहफुलांपासूनच्या मद्याला देशी दारूच्या वर्गातून काढून विदेशी मद्याच्या वर्गात घालायचा निर्णय घेतला, म्हणजे दार थोडं किलकिलं झालं आहे.

काजू बीला भाव कसा मिळतो?

जेमतेम. आमच्या बीची गाठ आफ्रिकेतून, आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानियाहून येणाऱ्या आयात बीशी आहे. बोटी लागल्या की इथला दर पडतो. आमची बी चवीला सरस आहे असं कारखानदारही मान्य करतात, पण पाकिटातला गर कुठल्या बीचा ते गिऱ्हाईक विचारत नाही. पलीकडे गोव्यात सरकारने आधारभूत दर ठरवलेला असतो आणि तो इथल्या बाजारापेक्षा चांगला असतो, त्यामुळे सीमेवरच्या शेतकऱ्याच्या मनात ती तुलना रोज चालते. आमच्याकडे हमीभावाची मागणी कितीतरी वर्षांची आहे.

बीचं पुढे काय होतं तेही सांगतो. बरीचशी बी घाट चढून चंदगड-आजऱ्याच्या कारखान्यांत जाते, काही सावंतवाडी-वेंगुर्ल्यात. वाफवायची, कटरवर फोडायची, बोरम्यात म्हणजे गरम हवेच्या भट्टीत सुकवायची, साल काढायची, मग प्रतवारी. चार किलो बीमागे साधारण एक किलो गर. फोडणीच्या आणि सोलणीच्या कामावर बहुतेक सगळ्या बायका. शहरात दिवाळीला पाकीट फोडताना गर अख्खा निघाला तर समजा, कोणाचा तरी हात त्या दिवशी फार जपून चालला होता.

आणि फेब्रुवारीत ओले काजूगर मिळतात. हिरवी बी कापून, चीक लागू नये म्हणून हाताला राख नाहीतर खोबरेल चोळून काढलेले. त्यांची उसळ खाल्ल्याशिवाय इथून जाऊ नका.

खोऱ्याचा इतिहास काय?

रामघाट हा घाटमाथा आणि किनारा जोडणारा जुना मार्ग. व्यापारी, बैलांचे तांडे, फौजा, सगळे याच वाटेने गेले. माथ्यावर पारगड आहे, शिवकालीन किल्ला. तानाजी मालुसऱ्यांचे पुत्र रायबा तिथले किल्लेदार होते आणि मालुसऱ्यांचे वंशज आजही गडाशी नातं राखून आहेत.

खालचा मुलूख सावंतवाडीच्या सावंत-भोसल्यांचा. आजचे गोव्यातले पेडणे, डिचोली, सत्तरी हे भागही त्यांच्याच अंमलाखाली होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पोर्तुगीजांकडे गेले. जी सीमा आज आपण नाक्यावर ओलांडतो ती तेव्हा पडली. त्याआधी दोन्हीकडचे लोक एकाच राज्यात होते. म्हणूनच सोयरिकी आजही दोन्हीकडे आहेत, भाषेत मालवणी कुठे संपते आणि कोंकणी कुठे सुरू होते ते सांगता येत नाही, आणि सातेरी-माउलीची देवळं दोन्ही बाजूंना आहेत. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, तोवर ही परदेशाची सीमा होती. सावंतवाडी संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, १९८१ मध्ये रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि दोडामार्ग तालुका १९९९ मधला.

तिलारी धरणाचा फायदा कोणाला?

धरण महाराष्ट्र आणि गोवा यांचं संयुक्त आहे. पाण्याचा मोठा वाटा, सुमारे ७३ टक्के, गोव्याचा. खर्चही त्याच प्रमाणात. पेडणे-बार्देशची तहान बरीचशी या पाण्यावर भागते. याशिवाय वर चंदगड तालुक्यात तिलारीनगरचा जलाशय आहे. तिथलं पाणी खाली सोडून कोनाळच्या वीजघरात वीज होते, क्षमता ६० मेगावॅट.

धरणासाठी पाट्ये, सरगवे, शिरंगे अशी गावं उठली. त्या लोकांनी घरं, बागायती, देवळं सोडली आणि नोकरी-मोबदल्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. कालव्याला भगदाड पडलं की खालची भातशेती वाहून जाते, आणि ते एकदा नाही, पुन्हापुन्हा झालं आहे. पाणी आमच्या डोळ्यांसमोरून जातं. कालव्यापासून वर असलेल्या काजूच्या भरडाला मात्र ते मिळत नाही.

हत्ती खरंच आहेत का?

आहेत. २००२ मध्ये कर्नाटकातून पहिल्यांदा आले आणि राहिले. केळ, माड, पोफळ, कशाचंच त्यांना वावडं नाही. दहा वर्षं वाढवलेला माड एका रात्रीत आडवा झाला की भरपाईच्या अर्जाने मन भरत नाही. तरी इथला माणूस हत्तीला 'गणपती' म्हणून हात जोडतो, हेही मी पाहिलं आहे. फिरायला आलात तर संध्याकाळनंतर जंगलाच्या रस्त्याने जाऊ नका आणि हत्ती दिसलाच तर फोटोसाठी गाडीतून उतरू नका.

जंगल, खाणी यांचं काय चाललंय?

२०२० मध्ये २९.५३ चौरस किलोमीटरचं तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं. गोव्याचं म्हादई आणि कर्नाटकाचं भीमगड अभयारण्य यांना जोडणारी ही जंगलाची वाट आहे, वाघाचीही. हेवाळे-बांबर्डेत रानजायफळाची दलदल आहे, गुडघ्यासारखी मुळं चिखलातून वर आलेली. गावाने देवराई म्हणून राखली, म्हणूनच ती उरली.

दुसऱ्या बाजूला कळण्यात लोहखनिजाची खाण आहे. २०२१ च्या जुलैत खाणीतला मातीचा बांध फुटला आणि लाल चिखल घरांत-बागायतींत शिरला. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या २५ गावांना पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील दर्जा देण्याबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये आदेश दिला. मी त्या बाजूचा आहे. खाण एका पिढीला पगार देते, ओहोळ आटला तर पोफळ पुढच्या चार पिढ्यांना देत नाही. रबरासाठी जंगल साफ करण्यावरही माझं हेच म्हणणं आहे, शेजारी रागावले तरी.

तरुण मुलं गावात राहतात का?

राहतात, झोपायला. सकाळी सातला दुचाक्यांची रांग गोव्याकडे निघते: म्हापसा, करासवाडा, पिळर्ण, थिवी. २०२३ पासून मोपाचा विमानतळ सुरू झाला, तिथेही काही लागले. आजारी पडलं की बांबोळीचं इस्पितळ, बाजार म्हणजे म्हापशाचा शुक्रवार. परिणाम असा की हंगामात बी वेचायला घरात साठीच्या पुढची माणसं उरतात.

इथे बाग घ्यायची आहे. मिळेल का?

महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. सातबारा आधी नीट वाचा, सामायिक नावं वीस-वीस असतात आणि प्रत्येकाची संमती लागते. एवढंच सांगतो, दलालीच्या फोनना मी उत्तर देत नाही.

कधी यावं, कसं यावं?

काजू बघायचा तर मार्च आणि एप्रिलचा पहिला पंधरवडा. धबधब्यांसाठी मांगेली, पावसात. दशावतार बघायचा तर कार्तिकी नंतरच्या जत्रांना या आणि पहाटेपर्यंत जागायची तयारी ठेवा. रेल्वेने सावंतवाडी किंवा थिवी, महामार्गाने बांद्यावरून आत. बेळगावकडून तिलारी घाटाने येता येतं. उतार फार तीव्र आहे, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच उतरवा.

बोंडवाचं सरबत घरी कसं करतात?

त्याच सकाळी पडलेले, न फुटलेले बोंडू घ्या. धुवा, देठाकडचा भाग कापा, कुस्करून फडक्यातून पिळून रस काढा. लोखंडी भांडं वापरू नका, रस काळा पडतो. एक लिटर रसाला पाच ग्रॅम साबुदाणा थोड्या पाण्यात शिजवून त्याची पातळ पेज करा, गार झाली की रसात ढवळा आणि पातेलं रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी तळाशी गढूळ साका बसलेला दिसेल, टॅनिन त्याच्याबरोबर खाली गेलेलं असतं. वरचा निवळ रस न हलवता दुसऱ्या भांड्यात ओता. साखर, चिमूटभर मीठ, हवं तर लिंबू. आमच्या घरी थोडं आलंही किसून घालतात. रंग फिकट सोनेरी येतो. घसा धरत नाही. त्या दिवशीच संपवा.